बॉल दाजींनाच

दाजी हवेत उडाले की आमच्या गावातला माणूस तोंडातला घास चावायचा थांबायचा. खोटं सांगत नाही. नेटसमोर दोन-चार लांब ढांगा, मग एक उडी, आणि मग दाजी वरच राहायचे. वर गेल्यावर जरा इकडेतिकडे बघायचे, पलीकडच्या संघात कोण कुठं उभं आहे याची चौकशी केल्यासारखे, आणि त्यानंतर त्यांचा उजवा हात फिरायचा. बॉल पलीकडच्या मातीत असा आदळायचा की कडेला बसलेली म्हातारी माणसं दचकून पागोटं सारखं करायची. तो बॉल उचलायला कोणी जायचं नाही. गेला तो गेला.

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. माझे ते खरेखुरे दाजी, माझ्या चुलत बहिणीचे, सुमनचे, यजमान. पण खेड्यात एका घरचा जावई हा सगळ्या गावाचा जावई असतो. त्यामुळे नरसीकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या चहावाल्यापासून तांड्यावरच्या थावरापर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणत. सुभाष हे त्यांचं नाव आधार कार्डावर होतं, आणि तिथंच राहायचं. ते पारावर आले की बसलेले उठत. हॉटेलात शिरले की पंख्याखालची खुर्ची रिकामी होई. आता अशा माणसाला 'जरा सरकून उभे राहा' हे कोण सांगणार? मी त्यांचा मेहुणा. मेहुण्याला दाजींची थट्टा करायची पूर्ण मोकळीक असते, सल्ला द्यायची मुळीच नसते. शिवाय गावाच्या प्रत्येक सामन्यात माइक माझ्या हातात. त्यामुळे त्यांची थट्टाही मी लाउडस्पीकरवरून करत असे आणि स्तुतीही. एकूण दोन्ही सारखीच मोठ्यानं.

दाजी आमच्या गावात कसे आले हे सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. सुमन एकुलती एक. काकांना लकवा झाला, रानात हळद उभी आणि बघायला माणूस नाही. तेव्हा दाजी पुसेगावकडचं आपलं गाव, थोरले भाऊ, सगळं सोडून बायकोच्या घरी राहायला आले. आले ते काकांना आंघोळ घालण्यापासून हळद शिजवण्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं. पण अशा माणसाला आपल्याकडं काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घरजावई. आमच्या गावात हा शब्द त्यांच्यासमोर कधी कोणी काढला नाही. कोणी काढत नाही हेच त्यांना सतत ऐकू येत असावं.

घरात त्यांनी कधी काही मागितलं नाही. दुसरी भाकर मागितली नाही. कालवणात मीठ कमी पडलं तर तसंच खायचे, फक्त जरा सावकाश चावायचे, आणि काकू त्यावरून ओळखायच्या. काकू म्हणजे त्यांच्या सासूबाई. जावयाशी थेट बोलायचं नाही ही त्यांची जुनी रीत. पदर कपाळापर्यंत ओढून, भिंतीकडं बघत त्या म्हणायच्या, "सुमन, त्यायला इचार, दूध देऊ का?" आणि दाजी त्याच भिंतीला सांगायचे, "न्हाई म्हणा, झालं." लग्न झाल्यापासून या दोघांचं सगळं बोलणं भिंतीमार्फत चाललेलं. त्या भिंतीला घरातली सगळी माहिती होती.

मागायचे ते फक्त मैदानावर. "बॉल वर ठेवा, बाकी मी पाहतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि आम्ही बॉल वर ठेवायचो. थावरा आमचा लिफ्टर, म्हणजे नेटजवळ उभा राहून शॉट मारणाऱ्यासाठी बॉल हवेत चढवून देणारा. त्याचे हात इतके मऊ की अंडं चढवलं असतं तरी फुटलं नसतं. तोंड मात्र तिखट. बाकी सगळ्या संघाला तो आईबापांसकट आठवायचा. दाजींचा शॉट नेटमध्ये गेला की तोच थावरा म्हणायचा, "चालतंय दाजी, लिफ्टच खराब होती." आणि लिफ्ट लोण्यासारखी असायची. दुसऱ्या टोकाला बंडू उभा असायचा. दुधाची पिकअप चालवणारा, डावखुरा. त्याचा शॉट वाईट नव्हता, पण त्याला बॉल मिळणं म्हणजे सणासुदीचं काम. त्याच्याकडं बॉल येत असला आणि दाजी जवळपास असले की बंडू मागं सरकून, हात पुढं करून, पाहुण्याला पाट दाखवावा तसा म्हणायचा, "घ्या दाजी."

गेल्या काही वर्षांपासून आमच्या भागातल्या गावांनी मिळून व्हॉलीबॉलची लीग काढली आहे. रंगीत टी-शर्ट, पाठीवर नाव, खेळाडूंना मानधन, आणि संघमालकांचा लिलाव. म्हणजे पारावर सगळे जमून आरडाओरडा करतात तो. आमचा मालक खतांच्या दुकानवाला. दाजींवर बाहेरच्या गावांनी बोली लावली, तेव्हा दाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी या गावाकडून खेळीन, न्हाईतर खेळणार न्हाई. त्या दिवशी त्यांना पारावरून घरापर्यंत वाजतगाजत नेलं. टी-शर्टवर बाकीच्यांची नावं होती. त्यांच्या पाठीवर नुसतं 'दाजी'.

त्या मोसमात आम्ही फायनलला गेलो. फायनल तीन सामन्यांची. पहिला औंढ्याला, दुसरा समोरच्या गावात, आणि गरज पडली तर तिसरा आमच्याकडं. समोरचं गाव कोणतं? दाजींचं स्वतःचं. ज्या मातीत ते उडी मारायला शिकले ते.

त्या संघात नाव लक्षात ठेवावं असं कोणी नव्हतं. माइकवर मला फार तकलीफ व्हायची. एक उचलायचा, दुसरा चढवायचा, तिसरा उडतोय म्हणून मी त्याचं नाव घ्यावं तर शॉट चौथाच मारायचा. माझं वाक्य पुरं होण्याआधी पॉइंट संपलेला. आमच्या बाजूला मात्र सोपं होतं. बॉल दाजींना, हे आधीच सांगून मी पाणी प्यायला मोकळा. अडचण एवढीच की हे जसं मला आधी कळायचं तसं समोरच्यांनाही कळायचं. त्यांनी आपले दोन सगळ्यांत उंच गडी कायम दाजींसमोर उभे करून ठेवले. बंडूसमोर कोणीच नव्हतं. तिथं शेळी चरली असती.

तरी पहिल्या सामन्यात आम्ही अगदी शेवटपर्यंत बरोबरीत होतो. शेवटच्या बॉलवर समोरून आलेला साधा, हळू बॉल बंडूच्या थेट छातीवर चालला होता. लहान लेकरानं उचलला असता. बंडूनं बाजूला दाजींना पाहिलं, दोन पावलं मागं झाला, हात पुढं केला आणि म्हणाला, "घ्या दाजी." दाजी त्या वेळी नुकतेच उडून खाली आलेले, खांदा धरून वाकलेले. त्यांना वाटलं बॉल बंडूचा. दोघांच्या मधोमध बॉल पडला, एकदा उसळला, आणि शांतपणे गडगडत बाहेर गेला. मी माइकवर म्हणालो की, मंडळी, मानपानात लग्नं मोडलेली पाहिली होती, सामना मोडलेला आज पाहिला.

परत येताना टेम्पोत ड्रायव्हरशेजारची सीट दाजींनाच होती. बंडू मागं, बॉलच्या जाळीवर. दाजी मागं वळून हळूच म्हणाले, "बंडूराव, तो तुमी घ्यायचा होता." बंडू म्हणाला, "व्हय दाजी." आणि टेम्पोतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की पुन्हा तसा बॉल आला तर बंडू पुन्हा मागंच सरकेल.

दुसरा सामना दाजींच्या गावात. मैदानाच्या कडेला त्यांचे शाळेतले सोबती, भावकी, सगळे. दाजी सर्व्हिसला गेले तेव्हा त्यांच्याच वयाचा एक गडी ओरडला, "सुभ्या, सासूची भाकर लई मानवली रे तुला." सगळे हसले. मग आणखी एकानं तो शब्द काढलाच, जो आमच्या गावात कधी निघाला नव्हता. मी माइकवर काही तरी बोलून तो झाकायला गेलो, पण लाउडस्पीकरपेक्षा तो शब्द मोठा निघाला. दाजींनी मान वर केली नाही. थावराला एवढंच म्हणाले की, एकही बॉल दुसऱ्याला जाता कामा नये. आणि मग त्या माणसानं जे केलं ते आमच्याकडं अजून सांगतात. दोन्ही उंच गडी अंगावर घेऊन, त्यांच्या हातांवरून, हातांमधून, हातांना लावून बाहेर, एकट्यानं सामना ओढून आणला. आम्ही त्यांना खांद्यावर घेतलं. गाव ओलांडेपर्यंत खाली ठेवलं नाही.

टेम्पो पेट्रोल पंपावर थांबला तेव्हा मी त्यांच्यापुढं खोबऱ्याचा प्रसाद धरला. दाजींनी डावा हात पुढं केला. प्रसाद कोणी डाव्या हातानं घेतं का? मी थट्टा करायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मिटलं. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कोणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा.

"कोणाला सांगू नका," दाजी म्हणाले. "हात हाय तवर मी दाजी. हात गेला की मी या गावात कोण, ते आज तुमी ऐकलं."

मी कोणाला सांगितलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल याची कल्पना करा. पण घरात एका माणसाला सांगायची गरजच नव्हती. रोज संध्याकाळी दाजींच्या खोलीच्या उंबऱ्यावर हळद घातलेल्या कोमट तेलाची वाटी येऊन बसू लागली. कोणी ठेवली हे दाजींनी विचारलं नाही, आणि भिंतही काही बोलली नाही.

तिसरा सामना आमच्या मैदानावर. दिवस हळदीचे होते. मैदानाच्या एका अंगाला शिजवलेली हळद ताडपत्रीवर वाळत पडलेली, आणि बॉल दर थोड्या वेळानं तिच्यात जाऊन पिवळा होऊन परत यायचा. उन्हं कलायला आली होती. पहिले दोन गेम दोघांना एकेक वाटून गेले, आता शेवटचा. आणि दाजींचे शॉट मरू लागले. उडी तीच, वर राहणं तेच, पण हात फिरायचा तो अर्ध्यात. समोरचे दोन उंच गडी उडून बॉल परत ढकलायचे, तो आमच्याच पायाशी पडायचा. लोक ओरडायचे, दाजींना द्या, दाजींना. थावरा एक डोळा मोकळ्या उभ्या असलेल्या बंडूकडं टाकायचा आणि बॉल दाजींना द्यायचा. दाजी दात चावून पुन्हा उडायचे. आम्ही मागं पडत चाललो. मी पाहत होतो तो सामना नव्हता. एक माणूस आपली सगळ्या गावातली जागा एका दुखऱ्या खांद्यावर तोलून धरून होता, आणि त्याला ती खाली ठेवायची सोय नव्हती.

मालकानं टाइमआउट घेतला. खेळाडू पाणी प्यायला गेले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकू उठल्या. पदर कपाळापर्यंत. भर मैदानातून, आखलेल्या रेघांवरून चालत माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं काकांची तब्येत बिघडली. काकूंनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. तो कुठून धरायचा हे माहीत नसल्यामुळे तांब्यासारखा दोन्ही हातांनी धरला.

"सुभाष," काकू म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. भिंत मध्ये न घेता. दाजींच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली.

"सुभाष, खांदा दुखून राहिला तुझा. मला समदं दिसतं. काहून एकटाच मारून राहिला? बंडू काय नुसता उभा राहायला आला का? हात गेला तर गेला. मी तुला काय हात पाहून घरात घेतलं व्हय? हरला तरी घरीच यायचंय. भाकरी करून ठेवल्यात." मग म्हणाल्या, "बास. दुसऱ्यायलाबी मारू दे, लेकरा."

माइक माझ्यासमोर ठेवून त्या आल्या तशा परत गेल्या. मी माइक उचलला आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही.

सुचलं ते थावराला. किती दिवस दाबून ठेवलं होतं कोण जाणे. "ऐकलं का रे सुभ्या?" तो म्हणाला. "मागं हो. आता बंडूला देऊन राहिलो मी. मधी आलास तर तंगडं मोडीन."

दाजी मटकन खाली बसले. दोन्ही हातांत तोंड घेतलं, पाठ हलू लागली. मला वाटलं, रडतायत. जवळ गेलो तर माणूस हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. जड पोतं वाहून आणून हमालानं ते धप्पकन टाकावं आणि तिथंच त्याच्यावर बसावं, तसा तो बसला होता.

त्यानंतरचा खेळ आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. सुभाष मागं गेला आणि पडेल तो बॉल डाव्या हातानं, छातीनं, एकदा तर पायानं उचलू लागला. थावरा त्याला शिव्या घालत होता, तो थावराला उलट घालत होता. बंडूनं पहिला शॉट डोळे मिटून मारला आणि तो लागला. दुसरा डोळे उघडे ठेवून मारला, तोही लागला. मग तो सुभाषवरच खेकसला, "सरक, माझा हाय." सुभाष सरकला. हळदीच्या ताडपत्रीवरून बॉल इतक्या जणांच्या हातांत फिरला की सहाही जणांचे टी-शर्ट पिवळे झाले. मी माइकवर सांगितलं की, एकाच मांडवात सहा नवरदेव.

शेवटच्या पॉइंटच्या आधी सहा डोकी एकत्र आली. सुभाष काहीतरी म्हणाला, थावरा हसला. बॉल आला, उचलला, थावराच्या हातांवर गेला, आणि सुभाष नेटकडं धावला. त्याच लांब ढांगा, तीच उडी. समोरचे दोन्ही उंच गडी त्याच्यासोबत वर गेले. सुभाषनं वरून इकडेतिकडे पाहिलं आणि हात फिरवला. हातात काहीच नव्हतं. बॉल केव्हाच दुसऱ्या टोकाला बंडूकडं निघाला होता, आणि तिथं अजूनही शेळी चरण्याइतकी जागा होती. बंडूनं तो इतका सावकाश मारला की मला वाक्य पुरं करता आलं.

करंडक घेताना धक्काबुक्कीच झाली, कारण कोणाच्या हातात द्यायचा हे कोणालाच कळेना. पलीकडच्या गावचा तो ओरडणारा गडी मैदानात आला, सुभाषच्या दुसऱ्या, चांगल्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. सुभाषनं त्याला जेवायला थांबवून घेतलं. घरचा माणूस जसा थांबवतो तसं, कोणाला न विचारता.

पुढच्या दिवसापासून गावाचं वागणं बिघडलं. हॉटेलात त्याला पंख्याखालची खुर्ची मिळेना. पिठाच्या गिरणीत रांगेत उभं राहावं लागलं. मोटारीच्या पाण्याच्या पाळीवरून बंडूच्या चुलत्यानं त्याला रस्त्यात गाठून झापलं, आणि सुमन सांगते, तो घरी येऊन हे झापणं मोठ्या कौतुकानं सांगत होता. त्याच आठवड्यात कधीतरी जेवताना तो थेट सासूबाईंना म्हणाला, "मामी, मीठ कमी हाय." काकू म्हणाल्या, मग उठून घे, फळीवर आहे.

डॉक्टरांनी त्याला शॉट मारणं बंद करायला लावलं. खांदा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. पण त्या शेवटच्या सामन्यातला रिकामा हात कोणीतरी मोबाइलवर टिपला होता. तो परभणीच्या एका निवासी शाळेतल्या लोकांनी पाहिला आणि पोरांना व्हॉलीबॉल शिकवायला त्याला बोलावलं. शेत सुमन आणि थावरा बघतील असं ठरलं. सुभाष सोमवारी जाणार, शनिवारी येणार.

पहिल्यांदा गेला त्या सकाळी आम्ही फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. जावई गावातून निघाला की त्याच्या हातात टॉवेल-टोपी, नारळ द्यायची आमची पद्धत. मी दोन्ही पिशवीत घालून नेलं होतं. ते काढायला वेळच मिळाला नाही. बंडू म्हणाला, येताना पिकअपचा पट्टा घेऊन ये. खतवाल्यानं बिलाची वही छापून आणायला सांगितली. चहावाल्याला अमुकच कंपनीचं गाळणं हवं होतं. थावराच्या बायकोनं चप्पल दिली, हिच्या मापाची आण म्हणून. जुनी चप्पल, कागदात गुंडाळून. काकू त्याला बजावत होत्या की खांद्याला तेल लाव, उघड्यावर झोपू नको, आणि फोन करायचा म्हणजे करायचा.

एस.टी. आली. तो चढला, खिडकीशी बसला, चप्पल मांडीवर. गाडी हलली तेवढ्यात थावरा तिच्या मागं पळत सुटला. मोटारीच्या खोलीची किल्ली सुभाषच्या खिशातच राहिली होती. गाडी थांबेपर्यंत थावरानं त्याला फाट्यावरच्या सगळ्या लोकांसमोर इतकं काही ऐकवलं की कंडक्टरनं खाली वाकून विचारलं, "हा तुमचा भाऊ का?"

थावरानं किल्ली खिशात टाकली. "मंग काय पाव्हणा हाय?" तो म्हणाला. "न्या ह्याला."

मी टॉवेल-टोपी तशीच परत घेऊन आलो.